सल्ला हवा: फुकट टीव्हीसाठी अँटेना घ्यावा की छत्री? (सोलापूर)

शेंगाचटणी

नमस्कार मंडळी. घर साखर पेठेत, दोन मजली, वर गच्ची. केबल बंद करायची असं घरात ठरलंय. आम्ही दोघं आणि मुलगी जे काही बघतो ते मोबाइलवरच. टीव्ही उरलाय तो सासू-सासऱ्यांपुरता. मामंजींना सह्याद्रीच्या बातम्या आणि क्रिकेट, आणि सासूबाई घरात तेलुगू बोलतात म्हणून त्यांना तेलुगू काहीतरी. एवढ्यासाठी दर महिन्याला पैसे मोजणं जिवावर येतं.

परवा एका दुकानात विचारायला गेले तर तिथल्या माणसाने 'एचडी डिजिटल अँटेना' पुढे केला. बाराशे रुपये. खोक्यावर १२० किलोमीटर रेंज असं छापलंय. खिडकीला चिकटवायचा, छत्री नको, बॉक्स नको, दर महिन्याचं काही नको. ह्यांनी यूट्यूबवर बघितलं, तर एक गोरा माणूस तसाच अँटेना लावून पन्नास चॅनेल दाखवतोय. शेजारचे काका म्हणतात, फ्री डिश म्हणजे दूरदर्शनची फुकटातली छत्री, तिच्याशिवाय दुसरं काही घेऊ नका.

गच्चीवर सध्या काय आहे तेही सांगते. एका खासगी कंपनीची छत्री आहे, तीन वर्षं रिचार्ज केलेला नाही, तिच्यावर फडकी वाळतात. मामंजींच्या काळातल्या अँटेनाचा लोखंडी पाइप आहे, वरचे दांडे कधीच भंगारात गेले. आणि दोन मोठ्या टाक्या, कारण आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं हे तुम्हाला सांगायला नकोच.

अँटेना की छत्री?

गड्डा_यात्रा

छत्री. पुढचं जाणकार सांगतील, पण ते बाराशे आधी पर्समध्ये परत ठेवा.

ठाण्यातला_सोलापूरकर

थोडा वेगळा अनुभव. २०१७-१८ च्या सुमारास माझ्या ठाण्याच्या घरी खिडकीत अँटेना ठेवून दूरदर्शनचे चार-पाच चॅनेल दिसायचे. चित्र एकदम स्वच्छ, मुंबईच्या पावसात छत्री मान टाकायची तेव्हाही हे चालू. त्यामुळे अँटेना म्हणजे फसवणूकच असं म्हणू नये. सोलापुरात एकदा लावून बघायला काय हरकत आहे?

जुना_मेकॅनिक

हरकत बाराशे रुपयांची आहे.

ताई, मी तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, त्यातली निम्मी वर्षं लोकांचे अँटेने फिरवण्यात गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ठाणेकर म्हणतात ते त्यांच्या जागी खरं आहे. दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. डीव्हीबी-टी२ म्हणतात त्याला. महाराष्ट्रातून त्या यादीत मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं संभाजीनगर. सोलापूर नव्हतं. आपल्याकडे जे यायचं ते जुनं ॲनालॉग, मुंग्यांवालं. तसले प्रक्षेपक देशभर टप्प्याटप्प्याने बंद झाले. सीमेवरचे वगैरे मोजके सोडले तर २०२२ पर्यंत सगळा कारभार आटोपला. म्हणजे अँटेना चांगला की वाईट हा प्रश्नच उरत नाही. नळ कितीही भारीतला बसवा, लाइनला पाणी तर पाहिजे.

आता १२० किलोमीटरचं बघू. पृथ्वी गोल आहे आणि या लहरी जवळजवळ सरळ जातात. दीडशे मीटर उंच मनोरा धरला तर त्याचं क्षितिज पन्नास किलोमीटरच्या आसपास संपतं. तुमची दुमजली गच्ची धरून आणखी दहा-बारा मिळतील. सोलापूरहून मुंबई सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर, संभाजीनगर अडीचशेच्या घरात. खोक्यावर काय वाटेल ते छापा, मधल्या जमिनीचा फुगवटा कोण काढणार?

गंमत बघा, उपग्रह ३६ हजार किलोमीटर लांब आणि तो दिसतो. कारण मधे काहीच नाही. असलीच तर तुमची टाकी.

आणि यूट्यूबवरचा गोरा माणूस त्याच्या देशात बसलाय. तिकडे खासगी वाहिन्याही मनोऱ्यावरून फुकट सोडतात. आपल्याकडे जमिनीवरून टीव्ही सोडतं ते फक्त दूरदर्शन. त्यामुळे तो अँटेना जशाला तसा मुंबईत आणला असता तरी पन्नास चॅनेल आले नसते.

चादरवाला

ताई, काय करूलालाव, बाराशे रुपये खिडकीला चिकटवूलालाव का? त्यात दोन चादरी येतात की!

शेंगाचटणी

😄 पटलं. अँटेना रद्द. काका, मग फ्री डिशचं सांगा. महिन्याला खरंच काही नाही ना? आणि गच्चीवरची छत्री चालेल की तीही नवी घ्यायची?

होटगी_रोडकर

महिन्याला शून्य. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झालेली सेवा आहे ही, नाव नंतर बदललं. पैसे एकदाच जातात: बॉक्स, छत्री, वायर. मला गेल्या वर्षी सगळं मिळून सतराशे पडले, लावणाऱ्याची मजुरी धरून. तुमची छत्री धड असेल तर बॉक्सवरच भागेल.

बॉक्स घेताना एकच बघा, एमपेग-४ वाला घ्या, म्हणजे चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत ज्याला कळते तो. दुकानदार जुना एमपेग-२ गळ्यात मारायला बघतात, दोन-तीनशे स्वस्त म्हणून. त्यात निम्मे चॅनेल येतच नाहीत आणि मग माणूस छत्री फिरवत बसतो. तुमच्या टीव्हीत उपग्रहाचा ट्यूनर आतच असेल तर बॉक्सही लागणार नाही. टीव्हीच्या पाठीमागे आट्यांचं भोक आहे का बघा, त्याशेजारी एलएनबी किंवा सॅटेलाइट असं लिहिलेलं असतं. गुळगुळीत भोक अँटेनाचं, आट्यांचं छत्रीचं.

क्रिकेटचं मामंजींना आधीच समजावून ठेवा. सगळ्या मॅच दिसत नाहीत. २००७ चा कायदा आहे, राष्ट्रीय महत्त्वाचे सामने ज्याच्याकडे हक्क असतील त्याने प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यायचे. म्हणजे भारताचे घरचे वनडे आणि टी-ट्वेंटी, मोठ्या स्पर्धांतले भारताचे सामने, सेमीफायनल-फायनल, असं. केबलवर डीडी स्पोर्ट्स लावला की नेमकी त्याच वेळी भलतीच काहीतरी मॅच दिसते, हा अनुभव तुम्हालाही असेल. ते केबलवाल्याचं पाप नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा वाटून घेतलेला सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचा, केबलवर आणि खासगी डीटीएचवर नाही. त्यामुळे या एका बाबतीत फुकटवाले आपण पैसे भरणाऱ्यांच्या पुढे. आमच्या गल्लीत एका घरी केबल आणि फ्री डिश दोन्ही आहे, दुसरं खास मॅचसाठी.

आयपीएल विसरा.

बाळीवेस

मालिकांचंही सांगा की. माझ्या आईने फ्री डिश लावल्यावर आठ दिवस अबोला धरला होता. मोठ्या खासगी वाहिन्यांच्या रोजच्या मराठी मालिका तिथे मिळतील असं धरून चालू नका. खासगी चॅनेलच्या जागांचा दरवर्षी लिलाव होतो आणि एप्रिल उजाडला की काही नवे येतात, काही गायब. आज दिसतोय म्हणून जीव लावू नका कुठल्या चॅनेलला. एप्रिलमध्ये एकदा नव्याने स्कॅन मारायचा. दूरदर्शनचे आपले मात्र कायम.

तेलुगूसाठी डीडी यादगिरी आणि डीडी सप्तगिरी आहेत, एक तेलंगणाचं, एक आंध्रचं. कन्नड हवं तर चंदना. सोलापूरला तिन्ही भाषा लागतात म्हणून मी हे आवर्जून सांगतो.

जुना_मेकॅनिक

छत्रीचं. फडकी काढून आधी बघा की पत्रा चेपलाय का, गंजून भोकं पडलीत का. चेपलेली छत्री म्हणजे बाक आलेला आरसा. साठ सेंटिमीटरची धड असेल तर चालते. एलएनबी, म्हणजे छत्रीपुढच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा, तीन उन्हाळे सोलापूरच्या उन्हात तापलाय, त्याची पुढची टोपी तडकली असेल तर नवा घ्या, फार महाग नसतो.

फ्री डिश जीसॅट-१५ उपग्रहावर आहे, त्याची आकाशातली जागा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. तुमची जुनी छत्री कुठल्या कंपनीची त्यावर किती फिरवायची ते ठरेल. ८३ अंशावाली असेल तर सोलापुरातून ती साधारण चोवीस अंश पूर्वेकडे फिरवायची आणि सहा-सात अंश खाली घ्यायची. ९५ अंशावाली असेल तर जवळपास आहे तिथेच, जरासा धक्का.

नव्याने लावायची तर सोलापूरला दिशा १३४ अंश, म्हणजे जवळजवळ बरोबर आग्नेय. उंची ६१ अंश. आता हे ६१ ऐकून छत्री आकाशाकडे उताणी करू नका, पोरं हमखास तसंच करतात. या छत्रीत एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे वीस-पंचवीस अंश तिच्या घडणीतच धरलेले असतात. ती दिसायला बरीच उभी दिसते.

पाइप किंवा पाय ओळंब्यात हवा. गवंड्याचा ओळंबा नसेल तर दोऱ्याला कुलूप बांधून बघा. पाइपच तिरका असेल तर छत्री डावी-उजवी फिरवताना उंचीही बदलत जाते आणि मग कितीही फिरवा, हाती लागत नाही.

स्लॅबला भोक पाडू नका. पावसाळ्यात खालच्या खोलीत पाणी उतरलं की छत्रीला शिव्या पडतात. कठड्याच्या भिंतीला मारा. आणि नुसत्या विटा ठेवून उभी करू नका, वळवाचं वारं ती शेजाऱ्याच्या पत्र्यावर नेऊन ठेवेल.

शेंगाचटणी

रविवारचा वृत्तांत. छत्री ८३ वाली निघाली. पत्रा ठीक, एलएनबी नवा आणला, बॉक्स एमपेग-४. हे आणि माझा दीर गच्चीवर, मी जिन्यात, मुलगी टीव्हीसमोर. "आलं का?" "नाही." दोन तास. छत्री कठड्याला होती तिथेच, फोनमधल्या होकायंत्रावर १३४ लावलं. बॉक्सवर स्ट्रेंग्थ ७८ दिसते. क्वालिटी शून्य. ७८ आहे म्हणजे जवळच आहोत ना? मामंजी खालून म्हणतात, आमच्या वेळी पाच मिनिटांत यायचं.

जुना_मेकॅनिक

७८ ला काही अर्थ नाही. छत्री भिंतीकडे तोंड करून ठेवलीत तरी एवढी स्ट्रेंग्थ दाखवेल, एलएनबी आणि वायर जोडलेली आहे एवढंच ते सांगतं. बघायची ती क्वालिटी. ती शून्यावरून एकदम उठते, हळूहळू चढत नाही. म्हणून छत्री बोटभर सरकवायची, तीन-चार सेकंद थांबायचं, मग पुन्हा बोटभर. बॉक्सला वेळ लागतो, आपण तोवर पुढे निघून गेलेलो असतो.

बॉक्समध्ये ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहावरचा एक प्रक्षेपक, ११०९०, व्ही, २९५०० हा निवडून ठेवा आणि त्याचीच क्वालिटी बघा. एलएनबीही सरळ उभा घट्ट करू नका. सोलापूरहून हा उपग्रह बराच पूर्वेला आहे, त्यामुळे एलएनबी आपल्या खाचेत तिरपा फिरवावा लागतो. क्वालिटी थोडी जरी आली की तो फिरवून वाढते का बघायचं.

एक विचारतो. कठड्याजवळ वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या आहेत का?

शेंगाचटणी

आहेत. चार कॉलमच्या, कंबरेएवढ्या. तुम्हाला कसं कळलं?

जुना_मेकॅनिक

सोलापुरात कुठल्या गच्चीवर नाहीत? फोनचं होकायंत्र सळ्यांजवळ वीस-वीस अंश खोटं सांगतं. तुम्ही १३४ समजून भलतीकडे बघत बसलात.

होकायंत्र सोडा. तुमचं नशीब चांगलं, सप्टेंबर संपत आलाय. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस असे येतात की सूर्य या उपग्रहाच्या बरोबर मागून जातो. त्या दिवसांत छत्रीवाल्यांचा टीव्ही पाच-दहा मिनिटं फडफडतो आणि लोक केबल पिळत बसतात. काही करायचं नसतं, सूर्य पुढे सरकला की आपोआप येतो. सोलापूरला ऑक्टोबरात ही वेळ अकराला पाच-सात मिनिटं कमी असताना येते.

तर १-२ तारखेला त्या वेळी गच्चीवर जा. जिथे टाकीची, जिन्याच्या खोलीची किंवा कशाचीही सावली पडलेली असेल तिथे छत्री चालणार नाही. जिथे ऊन, तिथे उपग्रह दिसतो. आणि उभ्या पाइपाची सावली बघा. सावली जिकडे, छत्रीची पाठ तिकडे. दिशेसाठी याहून अचूक यंत्र मलाही ठाऊक नाही.

चादरवाला

काका, हे लई भारी. मी मार्चमध्ये केबल बदलली होती अकरा वाजता टीव्ही जातो म्हणून. 🤦 दोनशे रुपये.

ठाण्यातला_सोलापूरकर

मान्य, इथे अँटेना बाद. कुणाला मोबाइलवरच दूरदर्शन बघायचं असेल तर प्रसार भारतीचं वेव्हज ॲप आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. त्यावर वाहिन्या थेट दिसतात, पैसे नाहीत. डेटा मात्र जातो.

शेंगाचटणी

झालं!!

२ तारखेला सुट्टी होती. पावणेअकराला मी आणि मुलगी खडू घेऊन वर. दहा चोपन्नला टाकीच्या सावलीभोवती रेघ मारली. आणि काय बघतो, कठड्यावर जिथे रविवारी दोन तास घालवले ती जागा पूर्ण सावलीत. मोठ्या टाकीच्या मागे! होकायंत्र बरोबर असतं तरी तिथे काही आलं नसतं. जुन्या कंपनीचा उपग्रह आणखी दक्षिणेला, त्यामुळे त्यांची छत्री टाकीच्या कडेने बघत होती आणि आम्ही फिरवून थेट टाकीत नेली.

ऊन होतं ते फक्त गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, अँटेनाच्या जुन्या पाइपापाशी. तो जिन्याच्या भिंतीत दोन क्लॅम्पनी बसवलाय, चाळीस वर्षं हललेला नाही. हे म्हणाले यालाच लावू. दोऱ्याला कुलूप बांधून बघितलं, ओळंब्यात निघाला. मुलीने पाइपाच्या सावलीवर खडूची लांब रेघ ओढली, छत्रीची पाठ त्या रेघेवर धरली, मग उंची बोटबोट खाली. चौथ्या की पाचव्या बोटाला क्वालिटी एकदम ५२. एलएनबी फिरवल्यावर ७१. वीस मिनिटांत खाली उतरलो.

काका, एकच विचारायचंय. पाइप भिंतीच्या वर आणखी सात-आठ फूट आहे, छत्री खालच्या भागात लावलीय. वरचा कापून टाकू की राहू दे?

जुना_मेकॅनिक

कापा. एवढा उंच मोकळा पाइप वाऱ्यात डुलतो आणि खालची छत्रीही हलवतो. छत्रीच्या वर वीतभर ठेवा आणि तोंडाला प्लॅस्टिकची बाटली उलटी घाला, नाहीतर पावसाचं पाणी आत साचून पाइप आतून सडतो. कापायच्या आधी छत्री जिथे बसलीय तिथे पाइपावर रंगाची खूण करा. करवतीच्या हादऱ्याने सरकली तर परत तिथेच आणता येईल.

२ ऑक्टोबरला लावलीत हे छान झालं. मुंबई दूरदर्शन १९७२ साली याच तारखेला सुरू झालं.

बाळीवेस

सासूबाई काय म्हणतात?

शेंगाचटणी

सप्तगिरी लावून दिलं. म्हणाल्या, मालिका नाहीत, नुसती गाणी आणि शेतीचं. तरी दुपारी दोनपासून रिमोट त्यांच्याकडेच आहे, मामंजी सातच्या बातम्यांसाठी मागतायत आणि मिळत नाहीये.